गोंगशान : युनानच्या कोपऱ्यातली दुलोंग आणि नू लोकांची काउंटी

खिंडवाला

मंडळी, ब्रह्मदेशच्या उत्तर सीमेवरच्या चर्चेत गोंगशानचं नाव निघालं आणि तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय. बरेच दिवस यावर वाचतोय, नकाशे बघतोय, आणि मला हा भाग खरंच फार मोलाचा वाटतो, कारण चीनबद्दल आपल्याकडे बोलणं झालं की ते बीजिंग, शांघाय नाहीतर तिबेट इथेच थांबतं.

पूर्ण नाव गोंगशान दुलोंग आणि नू स्वायत्त काउंटी. युनान प्रांताच्या वायव्य टोकाला, नूजियांग लिसू स्वायत्त प्रीफेक्चरमध्ये (म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याच्या वरचा प्रकार). उत्तरेला तिबेटचा झायू भाग, पश्चिमेला ब्रह्मदेशचं काचिन राज्य, पूर्वेला देचिन आणि वेइशी, दक्षिणेला फूगोंग. क्षेत्रफळ साडेचार हजार चौ. किमीच्या आसपास आणि २०१० च्या जनगणनेत लोकसंख्या फक्त ३७,८९४. यावरूनच जमीन कशी असेल ते कळतं.

भूगोल डोळ्यासमोर आणायचा तर हाताची बोटं पसरून टेबलावर ठेवा. बोटं म्हणजे उत्तर-दक्षिण डोंगररांगा, मधल्या फटी म्हणजे नद्या. पूर्वेकडून पहिली रांग बिलुओ, तिच्या पलीकडे लानत्सांग म्हणजे मेकाँग, ती या काउंटीत येत नाही. बिलुओच्या अलीकडे नू नदी, म्हणजेच पुढे ब्रह्मदेशात गेल्यावरची साल्वीन. मग गाओलिगोंगची रांग. तिच्या पश्चिमेला दुलोंग नदी, आणि शेवटी ब्रह्मदेशच्या सीमेवरची दानदांगलिका रांग. लानत्सांग आणि नू यांच्यातलं हवाई अंतर काही ठिकाणी १९ किमीपेक्षाही कमी भरतं, पण त्या १९ किमीसाठी चार हजार मीटरच्या आसपासची खिंड चढून उतरावी लागते. काउंटीतला सगळ्यात उंच भाग ५१२८ मीटर, तोही गाओलिगोंगच्याच रांगेत, आणि सगळ्यात खालचा भाग दुलोंगच्या खोऱ्यात बाराशे मीटरच्याही थोडा खाली. यातले बरेच डोंगरपट्टे २००३ मध्ये 'युनानच्या तीन समांतर नद्या' म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले.

दुलोंग नदी तिबेटच्या झायूमधून येते, दक्षिणेला वाहते आणि मग एकदम पश्चिमेला वळून ब्रह्मदेशात शिरते, तिथे न्माइ खाला मिळते, न्माइ खा आणि माली खा यांचा संगम म्हणजे इरावती. म्हणजे गोंगशानमध्ये पडणारा पाऊस साल्वीनमधून जावो नाहीतर इरावतीतून, पोचतो शेवटी अंदमानच्या समुद्रात. राज्य बीजिंगचं, पाणी मात्र हिंदी महासागराचं. मला वाटतं इथल्या इतिहासाची किल्ली इथेच आहे, कारण बाजार, मीठ, धर्म, कर सगळं नद्यांच्या आणि खिंडींच्या दिशेने आलं.

पुढचं सविस्तर लिहितो, तोवर कोणी तिकडे गेलं असेल तर जरूर लिहा.

रानवेडी

वाचतेय. वाचनखूण साठवली आहे.

पावसाबद्दल थोडी भर घालते. बंगालच्या उपसागरावरून येणारा मोसमी वारा गाओलिगोंगच्या पश्चिम उतारावर आदळतो, त्यामुळे दुलोंग खोऱ्यात वर्षाला तीन-चार हजार मिमी पाऊस पडतो. आणि गोंगशानची गंमत अशी की तिथे दोन पावसाळे आहेत, एक जून ते ऑक्टोबर आपल्यासारखा आणि दुसरा फेब्रुवारी-मार्च-एप्रिलमध्ये, पीच फुलतो त्या दिवसांत. उन्हाळा सुरू व्हायच्या आधी वर बर्फ आणि खाली पाऊस असं एकाच वेळी चालू असतं. वनस्पतींसाठी हा स्वर्ग आहे, तायवानिया नावाचा सूचिपर्णी वृक्ष तिथे ७० मीटरच्या वर जातो. ब्रिटिश वनस्पती-संग्राहक जॉर्ज फॉरेस्ट, फ्रँक किंग्डन-वॉर्ड ही मंडळी याच डोंगरांतून रोडोडेंड्रॉन, प्रिम्युला, लिली यांची बियाणी गोळा करून नेत होती, आज इंग्लंडमधल्या बागांत दिसणारी कितीतरी झुडपं या नद्यांच्या पट्ट्यातली आहेत.

शंकेखोर

छान सुरुवात. दोन शंका. एक, काउंटीच्या नावात दुलोंग आणि नू आहेत पण प्रीफेक्चर लिसूंचं कसं? दोन, 'स्वायत्त' म्हणजे प्रत्यक्षात काय, की नुसतं पाटीवर?

खिंडवाला

@शंकेखोर, दोन्ही प्रश्न नेमके आहेत.

पहिल्याचं उत्तर स्थलांतरात आहे. नू लोक या खोऱ्यातले जुने. लिसू मूळचे पूर्वेचे, जिनशा म्हणजे यांगत्सेच्या वरच्या खोऱ्यातले. सोळाव्या शतकात लिजियांगचे नाशी जमातीचे मू सरदार आणि तिबेटी यांच्यात त्या भागात लढाया पेटल्या, लिसूंना त्यात जबरदस्तीने लढायला नेत होते, तेव्हापासून ते लाटा-लाटांनी पश्चिमेकडे डोंगर ओलांडत लानत्सांगला आणि तिथून नूच्या खोऱ्यात आले. हातात विषारी बाणांचे आडवे धनुष्य, संख्येने जास्त, त्यामुळे अठराव्या-एकोणिसाव्या शतकापर्यंत खोऱ्यात त्यांचंच प्राबल्य झालं. आज गोंगशान काउंटीतही निम्म्याच्या आसपास लोक लिसू आहेत. दुलोंग आणि नू दोघंही अल्पसंख्याकांतले अल्पसंख्याक. पण अख्ख्या चीनमधले बहुतेक सगळे दुलोंग याच काउंटीत राहतात, २०१० मध्ये ते देशभरात ६,९३० होते, आणि म्हणून काउंटी त्यांच्या नावाने.

नू लोकांचं आणखी एक सांगण्यासारखं. सरकारी यादीत नू ही एक जमात आहे, पण फूगोंगचे नू, लानपिंगचे नू आणि गोंगशानचे नू यांच्या भाषा एकमेकांना कळत नाहीत. उलट गोंगशानच्या नूंची भाषा दुलोंगांना बऱ्यापैकी कळते. १९५० च्या दशकात जमातींची वर्गवारी झाली तेव्हा एकाच नदीच्या काठचे ते एक आणि डोंगरापलीकडचे दुसरे असा निवाडा झाला, भाषा बघितली असती तर रेघ वेगळीच आली असती. आणि सीमेपलीकडे काचिन राज्यातले रवांग लोक, तेही याच भाषाकुळातले. म्हणजे एकाच समूहाचे तीन तुकडे, त्यातला एक दुसऱ्या देशात.

स्वायत्ततेबद्दल : कायद्याने (१९८४ चा प्रादेशिक स्वायत्तता कायदा) काउंटीप्रमुख त्या जमातीचाच असावा लागतो, स्थानिक भाषा वापरायची मुभा आहे, आणि वरच्या प्रांताच्या मंजुरीने स्थानिक नियम करता येतात. पण पक्षाचा सचिव कोणत्याही जमातीचा असू शकतो आणि खरा निर्णय त्याच्याकडे असतो. पाटीच नुसती आहे असं मी म्हणणार नाही, काउंटीप्रमुख दुलोंग असल्याने प्रत्यक्षात फरक पडला आहे, त्यावर पुढे लिहितो. पण आपल्या ईशान्येतल्या, घटनेच्या सहाव्या अनुसूचीतल्या आदिवासी परिषदांसारखी निवडून आलेली सत्ता तिथे नाही.

मीनल_तेजू

मी काही वर्षं अरुणाचलात लोहितच्या भागात नोकरीला होते, त्यामुळे हे सगळं वाचताना फार जवळचं वाटतंय. तुम्ही ज्या झायूचं नाव घेतलंत त्या झायूमधूनच लोहित आपल्याकडे किबिथू-वालोंगला येते. म्हणजे गोंगशान आणि वालोंग हे एकाच शेजाऱ्याचे दोन शेजारी.

दुलोंग लोकांकडे मिथुन (ईशान्येतला अर्धरानटी बैल) असतो का हो? चित्रांत दिसणारा बैल अगदी तसाच वाटतोय.

रानवेडी

हो, तोच! चीनमध्ये त्याला दुलोंग बैल म्हणतात, प्राणी एकच, मिथुन किंवा गायाल. आणि ठेवायची पद्धतही तुम्ही बघितली असेल तशीच, गोठ्यात बांधत नाहीत, जंगलात मोकळा सोडतात आणि मीठ दाखवून बोलावतात. दुलोंगांचा नववर्षाचा सण काचेवा, तो हिवाळ्यात येतो, त्यात मिथुन खांबाला बांधून भाल्याने बळी द्यायची प्रथा आहे आणि मांस सगळ्या गावात वाटतात.

अजून एक साम्य. तुमच्या मिशमी टेकड्यांतली मिशमी तीता, ती कडू पिवळी मुळी, तीच वनस्पती गोंगशानच्या बाजूला मिळते आणि तिथेही औषध म्हणून शेकडो वर्षं विकली जातेय. बाहेरच्या व्यापाऱ्यांना दुलोंग खोऱ्यातून हवं असायचं ते मुख्यतः हेच, ही मुळी, मेण, कातडी, आणि उंचावरच्या लिलीकुळातले औषधी कंद.

आणि फिरती शेती. दुलोंग लोक जमीन पडीक सोडताना तिथे अल्डरची झाडं लावायचे, त्याच्या मुळांवरच्या गाठी नत्र धरतात, काही वर्षांनी तोडून पुन्हा पेरणी. नागालँडमध्ये खोनोमाचे अंगामी नेमकं हेच करतात, झाडसुद्धा तेच. शेकडो किलोमीटर अंतरावर दोन समाजांनी तेच झाड निवडलं. फिरती शेती म्हटलं की जंगलाचा नाश एवढंच शिकवतात त्यांनी हे जरूर बघावं.

खिंडवाला

आता इतिहास. लांब आहे, सांभाळून घ्या.

दुलोंग खोऱ्यावर राज्य करायला कोणीच गेलं नाही, कर घ्यायला मात्र सगळे गेले. नाशी सरदार, आधी लिजियांगचे मू आणि मग वेइशीच्या बाजूचे काँगपू आणि येझी इथले छोटे सरदार, पूर्वेकडून दोन डोंगर ओलांडून माणसं पाठवायचे आणि मेण, तागाचं कापड, कातडी घेऊन जायचे. उत्तरेकडून चावालोंगचे तिबेटी. त्यांची पद्धत फार क्रूर होती, दुलोंग खोऱ्यात मीठ नाही हे त्यांना माहीत, मग मीठ जबरदस्तीने घरोघरी द्यायचं, भाव आपणच ठरवायचा, आणि पुढच्या वर्षी फेड झाली नाही तर घरातली माणसं गुलाम म्हणून न्यायची. दक्षिण-पूर्वेकडून लिसूंचेही छापे पडायचे.

चेहऱ्यावरच्या गोंदणाचं सगळ्यात जास्त ऐकू येणारं स्पष्टीकरण याच्याशी जोडलेलं आहे. मुलगी बारा-तेराची झाली की काट्याने टोचून त्यात काजळी भरायची. खोऱ्याच्या वरच्या भागात पूर्ण चेहरा, कपाळापासून हनुवटीपर्यंत, खालच्या भागात फक्त हनुवटीवर काही रेघा. पळवून नेणाऱ्यांना ती नकोशी वाटावी म्हणून, असं सांगतात. काही अभ्यासक म्हणतात की ते वयात येण्याचं आणि कुळाचं चिन्ह होतं, आणि मरणानंतर पूर्वजांनी ओळखावं म्हणूनही. मला वाटतं दोन्ही खरं असू शकतं, पण वरच्या भागात, म्हणजे जिथे तिबेटी सरदार जवळ होते तिथे गोंदण दाट आणि खाली विरळ हे नुसत्या योगायोगाने झालं असेल असं वाटत नाही. १९५० नंतर प्रथा बंद पाडली गेली, अशा बायका आता मोजक्याच उरल्यात आणि सगळ्या खूप म्हाताऱ्या.

मग एकोणिसाव्या शतकात फ्रेंच कॅथलिक मिशनरी आले. तिबेटमध्ये शिरायचं होतं, आत घेत नव्हते, म्हणून सीमेवर लानत्सांग आणि नूच्या खोऱ्यात ठाण मांडलं. नूच्या खोऱ्यात बाइहानलुओला फादर आनेत जेनेस्तिएचं चर्च उभं राहिलं. १९०५ मध्ये, ब्रिटिशांच्या ल्हासावरच्या मोहिमेनंतर, अख्ख्या पूर्व तिबेटात परक्यांविरुद्ध आग पेटली, लानत्सांगच्या काठी दोन फ्रेंच पाद्री मारले गेले, वर ज्यांचा उल्लेख आलाय ते जॉर्ज फॉरेस्ट तेव्हा तिथेच होते आणि कसेबसे जीव वाचवून निसटले. त्याच उन्हाळ्यात बाइहानलुओचं चर्च जाळलं. जेनेस्तिए वाचला, चिंग (तेव्हाच्या चिनी बादशाही) सरकारला भरपाई द्यावी लागली, चर्च पुन्हा बांधलं गेलं. तो पुढे बिंगझोंगलुओजवळ चोंगदिंगला राहिला आणि १९३७ मध्ये तिथेच वारला, त्याची कबर चर्चच्या आवारात आहे.

या प्रकरणाचा परिणाम असा की पेकिंगला या कोपऱ्याची जाग आली. १९०८ मध्ये शिया हू नावाचा अधिकारी नू आणि दुलोंग दोन्ही खोरी पायी फिरला आणि त्याने अहवाल लिहिला, त्यात रस्ते, शाळा, अधिकारी नेमणं असं बरंच सुचवलं. आज दुलोंगांच्या त्या काळच्या जगण्याबद्दल जे लेखी मिळतं त्यात या अहवालाचा मोठा वाटा आहे. घाईचं दुसरं कारण ब्रिटिश. वरचा ब्रह्मदेश १८८६ मध्ये त्यांच्या ताब्यात गेला होता, आणि १९११ च्या सुरुवातीला त्यांनी दक्षिणेला पियानमा हा सीमेवरचा भाग घेतलाच. तो भाग १९६० च्या चीन-ब्रह्मदेश सीमाकरारात परत चीनकडे आला.

१९१२ नंतर प्रजासत्ताकाने सैनिकांची तुकडी पाठवली, प्रशासनाचं एक ठाणं बसलं, १९३३ च्या सुमारास त्याला गोंगशान हे नाव मिळालं. १९५२ मध्ये खोंग झिचिंग नावाचे दुलोंग पुढारी बीजिंगला गेले, पंतप्रधान चौ एन लायना भेटले, आणि आमच्या लोकांना दुलोंग म्हणा असं तिथे ठरलं, त्याआधी बाहेरचे लोक तुच्छतेची नावं वापरायचे. १ ऑक्टोबर १९५६ ला स्वायत्त काउंटी झाली आणि खोंग झिचिंगच पहिले काउंटीप्रमुख.

आडवाटेचा_अनिकेत

भारी लिहिताय. पुढच्या लेखनाला शुभेच्छा.

भारताशी जोडणारी एक वाट मला सापडली आहे, ती इथे टाकतो. १८९५ मध्ये प्रिन्स आँरी दोर्लेआँ हा फ्रेंच राजघराण्यातला तरुण, सोबत एमिल रू नावाचा नौदल अधिकारी आणि ब्रिफो, हे हनोईहून निघाले, युनानमधून वर आले, आणि लानत्सांगकाठचं मिशन सोडून नू, गाओलिगोंग, दुलोंग अशी एकेक खोरी ओलांडत, इरावतीच्या सगळ्या वरच्या फाट्यांवरून, खामतींच्या प्रदेशातून वर्षाच्या शेवटी थेट आसामात सदियाला उतरले. इरावतीचं मूळ नेमकं कुठे यावर त्या काळी मोठा वाद होता आणि रूच्या मोजणीने त्यावर बराच प्रकाश पडला. जळवा, पाऊस, भूक, हमाल पळून जाणं, सगळं झालं. आज तोच प्रवास करायचा म्हटला तर तीन देशांच्या सीमा आडव्या येतात, म्हणजे १८९५ ला जमलं ते आता अशक्यच म्हणायचं.

दुसऱ्या महायुद्धातही हाच पट्टा. आसाममधल्या दिंजान, चाबुआ इथून कुनमिंगला जाणारी 'हंप'ची, म्हणजे डोंगरांवरून चीनला रसद नेणारी, विमानं याच रांगांवरून जायची. दक्षिणेला पियानमाच्या जंगलात पडलेलं एक सी-५३ विमान नव्वदीच्या दशकात सापडलं, ते आता तिथल्या संग्रहालयात आहे.

शांघायनिवासी

मी इथे नोकरीला असल्यापासून एकदा ऑफिसच्या मित्रांबरोबर नूजियांगला जाऊन आलोय, बिंगझोंगलुओपर्यंत. दुलोंगला जायचं होतं पण दरड पडल्यामुळे रस्ता बंद होता आणि ज्यांच्याकडून गाडी घेतली होती त्यांनी पैसे परत द्यायला बरीच खळखळ केली, ते असो.

रस्ता लिउकूहून (प्रीफेक्चरचं मुख्य गाव) नदीच्या काठाने सरळ उत्तरेला. आता रुंद आणि चांगला झालाय. दोन्ही बाजूंना इतके उभे डोंगर की सूर्य उशिरा येतो आणि लवकर जातो, आणि मक्याची शेतं अशा उतारावर की तिथे माणूस उभा कसा राहतो हा प्रश्न पडतो. गोंगशानचं मुख्य गाव त्सिकाई, उतारावर चिकटलेल्या इमारती. तिथून वर बिंगझोंगलुओला दरी अचानक उघडते, नदी एका कड्याला अडून जवळजवळ पूर्ण वळसा घेते, तो नू नदीचा पहिला मोठा वळसा.

मला सगळ्यात जास्त काय आवडलं तर धर्मांची सरमिसळ. एकाच पठारावर पूहुआ हा काग्यू पंथाचा तिबेटी मठ, चोंगदिंगचं कॅथलिक चर्च, लिसूंची प्रोटेस्टंट चर्चं, आणि डोंगरदेवांना मानणारे लोक. आमच्या यजमानांच्या घरात नवरा बौद्ध, बायको कॅथलिक, तिची आई डोंगराची पूजा करणारी. रविवारी चर्चमध्ये लिसू चार सुरांत गातात, वाद्य नाही काही नाही, मी तासभर बसून राहिलो. ज्या मठाच्या लोकांनी १९०५ च्या भांडणात भाग घेतला आणि ज्यांचं चर्च जळलं ते आज एकमेकांचे व्याही आहेत, हे मला फार मोठं वाटतं.

ट्रेकवाल्यांसाठी : दिमालुओ आणि बाइहानलुओवरून बिलुओ ओलांडून लानत्सांगकाठी त्सिझोंगला उतरायची जुनी वाट आहे, मिशनऱ्यांची. दोन-तीन दिवस लागतात. आणि बिंगझोंगलुओहून चावालोंगवरून झायूला जाणारा रस्ता चिनी बाइकवाल्यांत फार प्रसिद्ध आहे, पण तो तिबेटच्या हद्दीत जातो आणि परदेशी नागरिकांना तिबेटचं परमिट लागतं, भारतीय पासपोर्टवर तो विचार सोडाच.

मीनल_तेजू

दोरीच्या पुलांबद्दल कोणीतरी लिहा ना, अरुणाचलात मी वेताचे पूल बघितलेत, पण तिथे एकाच दोरीवर लटकून जातात म्हणे?

खिंडवाला

हो, एकाच तारेवर. आधी बांबूच्या सालीचा वळलेला जाड दोर, नंतर पोलादी तार. लाकडाची खोबण किंवा कप्पी दोरावर बसवायची, कमरेला पट्टा, आणि उतारावर सुसाट खाली. दोन प्रकार, एक सपाट ज्यात अर्ध्यानंतर हाताने ओढत जावं लागतं, आणि दुसरा जोडीचा, एक तार या काठाहून त्या काठाला उतरती आणि दुसरी उलट. डुकरं, खतं, शाळेची पोरं, आजारी माणसं, सगळं यावरूनच. गोंगशानच्या नूंची एक कथा आहे, आरोंग नावाच्या मुलीने कोळ्याचं जाळं बघून पहिला दोर टाकला, तिच्या रूपाची कीर्ती ऐकून सरदार मागे लागला, ती डोंगरातल्या गुहेत पळाली आणि तिथेच दगड झाली. चांद्रवर्षाच्या तिसऱ्या महिन्यात पौर्णिमेला नू लोक तिच्या नावाने फुलांचा सण करतात, गुहेतून ठिबकणारं पाणी घरी नेतात. नदी ओलांडायची युक्ती शोधणाऱ्या बाईला देवी मानणारे लोक, मला तर हे फारच भिडलं. २०११ नंतर सरकारने तारा काढून पूल बांधायचा कार्यक्रम घेतला आणि आता रोजच्या वापराच्या तारा जवळजवळ गेल्याच.

आता दुलोंगच्या रस्त्याबद्दल, कारण अलीकडचा सगळा इतिहास म्हणजे हा रस्ता.

१९६४ पर्यंत गाओलिगोंग ओलांडायला पायवाट होती. १९६४ मध्ये खेचरांची वाट झाली. हिवाळ्यात खिंडीत बर्फ इतकं साचायचं की साधारण डिसेंबर ते मे खोरं बाहेरच्या जगापासून तुटायचं, वर्षाचे सहा महिने. त्यामुळे उरलेल्या महिन्यांत सरकारी खेचरांच्या तांड्यांनी तांदूळ, मीठ, औषधं, वह्या-पुस्तकं सगळा साठा आत न्यायचा. देशातला शेवटचा सरकारी खेचरतांडा तो हाच, १९९९ पर्यंत चालू होता. १९९९ मध्ये ९६ किमीचा मोटररस्ता झाला, पण तोही खिंडीवरूनच, म्हणजे बर्फात बंदच. मधल्या काळात कोणाचं अपेंडिक्स फुटलं, कोणाचं बाळंतपण अडलं, तर उपाय नव्हता.

गाओ देरोंग हे दुलोंग गृहस्थ काउंटीप्रमुख होते, त्यांनी हा बोगद्याचा विषय वर्षानुवर्षं लावून धरला, आणि नंतर मोठ्या गावातली नोकरी सोडून परत खोऱ्यात राहायला गेले. २०१९ मध्ये त्यांना राष्ट्रीय सन्मान मिळाला. @शंकेखोर, फरक पडला म्हणालो तो हा. बोगदा ६.६८ किमीचा, तीन हजार मीटर उंचीवर, १० एप्रिल २०१४ ला दोन्ही बाजू जुळल्या, आणि काम पूर्ण व्हायच्या आतच भाजलेल्या एका लहान मुलीला त्यातून बाहेर काढून दवाखान्यात नेलं. त्यानंतर खोरं हिवाळ्यात बंद व्हायचं थांबलं.

शंकेखोर

बोगदा चांगलाच, कोण नाही म्हणेल. पण रस्ता आला की मागून सगळंच येतं. फिरती शेती बंद केली ती कोणी? लोकांनी की सरकारने? आणि ती म्हातारी गोंदणवाली बाई पर्यटकांसमोर फोटोला बसते, हे मला बघवत नाही.

रानवेडी

सरकारने. २००३ च्या सुमारास 'शेती सोडा, जंगल वाढवा' योजनेत उताराच्या जमिनी सोडायला लावल्या आणि बदल्यात धान्य दिलं. म्हणजे स्वतः पिकवणारा माणूस एकदम रेशनवर. मग पर्याय म्हणून त्साओगुओ आलं, ही आपल्या मसाल्यातल्या मोठ्या वेलचीची चुलत बहीण, आकाराने मोठी, धुराचा वास असलेली, चिनी मटणाच्या रश्श्यात लागतेच. ती झाडांच्या सावलीत वाढते त्यामुळे जंगल तोडावं लागत नाही. गाओ देरोंग यांनीच स्वतः आधी लावून दाखवली मग लोकांना दिली. पैसा खरंच आला. पण भाव बाहेरचा बाजार ठरवतो, आणि जंगलाखालची बाकीची झुडपं साफ करून एकच पीक लावलं की वरून हिरवं दिसतं तरी खालचं वैविध्य जातं. जुनी बियाणी, बाजरीसारखी धान्यं, कंद, अल्डर लावायचं ज्ञान, हे एका पिढीत विसरलं जाऊ शकतं. मला याचीच जास्त काळजी वाटते.

मीनल_तेजू

@शंकेखोर, बघवत नाही हे पटतं, पण अरुणाचलात आपातानी बायकांच्या नाकातल्या चकत्यांबाबत मी हेच बघितलंय, आणि तिथल्या एका आजींनी मला स्पष्ट सांगितलं होतं की फोटो काढायचा तर आधी बसून चहा पी आणि माझं नाव विचार. त्या बायकांना नकोय असं आपणच ठरवू नये, त्यांना विचारावं. आणि तिकडे सहा महिने बंद राहण्यातलं दुःख ज्याने भोगलंय त्याला रस्ता नको म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. आमच्याकडे पुराच्या दिवसांत एक बाई बाळंतपणात गेली, नदीपलीकडे डॉक्टर होता.

आडवाटेचा_अनिकेत

धरणांचं काय झालं? नू नदीवर १३ धरणं होणार होती ना?

खिंडवाला

२००३ मध्ये तेरा धरणांची साखळी जाहीर झाली, त्यात बिंगझोंगलुओचंही होतं. त्याच वर्षी जागतिक वारसा जाहीर झालेला. चीनमधल्या पर्यावरणवाल्यांनी, पत्रकारांनी, शास्त्रज्ञांनी मोठा विरोध केला आणि २००४ मध्ये पंतप्रधान वेन जियाबाओ यांनी काम थांबवून पुन्हा अभ्यास करायला सांगितलं. चीनमध्ये लोकांच्या आवाजाने एवढा मोठा प्रकल्प थांबणं फार दुर्मिळ. २०१३ मध्ये विषय पुन्हा वर आला, २०१६ च्या शेवटी राष्ट्रीय योजनेतून नावं गळली, आणि युनानमधला नूचा मुख्य प्रवाह आजही मोकळा वाहतोय. भूगर्भशास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की हे खोरं सक्रिय भ्रंशावर आहे आणि उतार ठिसूळ आहेत. ठिसूळपणाचा पुरावा लांब नाही, १८ ऑगस्ट २०१० ला गोंगशानमध्येच पुलादीला रात्री एका ओढ्यातून चिखल-दगडांचा लोंढा आला आणि नव्वदच्या आसपास माणसं गेली किंवा बेपत्ता झाली.

पण याचीही दुसरी बाजू आहे. धरण नाही म्हणजे महसूल नाही, मग गरिबी हटवायची कशी, तर उतारावरची गावं उचलून खाली वसाहतीत आणायची. २०१६ ते २०२० मध्ये पूर्ण नूजियांग प्रीफेक्चरमध्ये सुमारे १ लाख लोक असे हलवले, जिथे एकूण वस्ती साडेपाच लाखांच्या आसपास. लिफ्टच्या इमारतीत राहायला आलेला लिसू शेतकरी डुक्कर कुठे पाळणार आणि मका कुठे वाळवणार, हे प्रश्न तिकडचे अभ्यासकही विचारतात. दुलोंगांच्या बाबतीत मात्र बहुतेक घरं खोऱ्यातच बांधून दिली, रस्त्याच्या कडेला, म्हणून त्यांची शेतं आणि जंगल चालण्याच्या अंतरात राहिलं. हा फरक महत्त्वाचा आहे असं माझं ठाम मत आहे.

शंकेखोर

उत्तर पटलं. शेवटचं एक, भाषा टिकेल का? सहा-सात हजार लोक म्हणजे एका शाळेच्या पटाएवढे.

खिंडवाला

लिपी आहे. १९८३ मध्ये रोमन अक्षरांची दुलोंग लिपी तयार केली, आणि तिचा आधार होता ब्रह्मदेशातल्या रवांगांची लिपी. ती रवांग लिपी केली होती रॉबर्ट मोर्स यांनी, हे अमेरिकन मिशनरी घराणं १९४९ पर्यंत याच नूच्या खोऱ्यात होतं आणि क्रांतीनंतर डोंगर ओलांडून ब्रह्मदेशात गेलं. शाळा मात्र मँडरिनमध्ये, वरच्या वर्गांसाठी पोरांना खोऱ्याबाहेर त्सिकाईला जावं लागतं. खोऱ्यात घरी अजून दुलोंगच बोलतात, लिपी वाचणारे कमी. २०१९ मध्ये तिथे ५जी पोचलं, त्यामुळे आता पोरं दुलोंग गाणी, विणकामाचे पट्टेरी दुलोंग कांबळं दाखवणारे व्हिडिओ टाकतात, बोलतात मात्र बऱ्याचदा मँडरिनमध्ये कारण बघणारे बाहेरचे. सीमेपलीकडचे रवांग संख्येने बरेच जास्त आहेत, त्यांच्याकडे छापील पुस्तकं आहेत, चर्चमध्ये रोज भाषा वापरात आहे. दोन्हीकडच्या लोकांचं येणं-जाणं, लग्नं, बाजार पुन्हा सुरळीत झाला तर दुलोंगला मोठा आधार मिळेल. काचिनमधल्या लढाईमुळे आणि सीमेवरच्या कडक तपासणीमुळे ते सध्या अवघड आहे.

रवांगांवर कोणाकडे वाचलेलं काही असेल तर टाका, काचिनमधल्या पुताओच्या बाजूचा भाग मला वेगळ्या धाग्यात घ्यायचा आहे.

मीनल_तेजू

विजयनगरच्या लिसूंबद्दल (आपल्याकडे योबिन म्हणतात) मी लिहू शकते, ते याच नूजियांगच्या बाजूने ब्रह्मदेशातून आलेले. माझ्या वहीत दोन-तीन कुटुंबांच्या सांगितलेल्या हकिकती आहेत. त्यांची परवानगी विचारून मग टाकते.